एकाच नावाचे दोन केसपेपर

वहिनी, तुला जाऊन चाळीस दिवस झाले, त्याच दिवशी मामा फोटो घेऊन आले.

मुलगी धारवाडची. विमल नाव. अठ्ठावीस वर्षांची, शाळेत शिकवते, वडील नाहीत, भावाच्या घरी राहते. मामांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि फोटो अण्णाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. अण्णाचं लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, आणि तोवर मीनूला आई कोण, असं त्यांचं म्हणणं. अण्णाने फोटोकडे पाहिलं नाही. चहा मोरीत ओतला आणि सायकल काढून बाहेर गेला. आईने फोटो उचलून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवला. आपल्या घरात कोनाड्यात गेलेली गोष्ट ठरल्यात जमा असते, हे तुला मी काय सांगायचं. तुझाही फोटो आधी तिथेच आला होता.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दूध दोनदा उतू गेलं. ऑफिसात एकच पत्र तीनदा टाइप केलं आणि तिन्ही वेळा तारीख चुकवली. माझ्याजवळ एक गोष्ट आहे, ती त्या मुलीला कळायला हवी. कळली तर कदाचित ती येणार नाही. नाही कळली तर येईल, आणि आठ-दहा वर्षांनी मी तिलाही त्याच हॉस्पिटलच्या पायऱ्या चढवीन. आणि तू मला बजावून गेलीस की अण्णाला सांगू नका. मग कुणाला सांगू आणि कसं सांगू? भांडायला तू समोर नाहीस, म्हणून कागदावर भांडते आहे.

तुला न्यायच्या दिवशी आलेल्या बायका म्हणत होत्या, भाग्यवान, कुंकवासकट गेली. शेजारच्या अक्कांनी तुझ्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावलं. त्या बाई चांगल्या आहेत, तुझ्या आजारपणात रोज मीनूला जेवू घालत होत्या, पण मला त्या बोटाचा राग आला. पस्तीस वर्षांची बाई सहा महिने वेदनांनी पिळून निघून गेली, त्यात भाग्य कुठलं?

तू आमच्या घरी आलीस तेव्हा चोवीस वर्षांची होतीस. त्या काळी चोवीस म्हणजे घोडनवरी, म्हणून तुझ्या वडिलांनी बिजवराला दिली. कराडहून रेल्वेने येताना तुझ्या ट्रंकेत चार लुगडी आणि मसाल्याचे डबे होते. इकडे कन्नड मुलुखात, मल्लेश्वरममध्ये, काही मिळत नाही अशी तुझी समजूत होती. तुझं माहेरचं नाव शालिनी. आईने लग्नात ते बदलून रमा ठेवलं. अण्णाच्या पहिल्या बायकोचं, थोरलीचंही नाव रमाच होतं. मी म्हटलं, अगं आई, गेलेल्या बाईचं नाव पुन्हा कशाला? तर आई म्हणाली, सगळ्या भांड्यांवर सौ. रमा घालून ठेवलंय, ते आता खोडायचं की काय? तू हे ऐकलंस आणि पदर तोंडाला लावून हसलीस. नंतर कितीतरी वर्षं एखादी वाटी घासताना तू मला विचारायचीस, वन्सं, ही माझी की त्यांची?

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आईने तुझ्या गळ्यात थोरलीचा टाक बांधला. चांदीचा, अर्ध्या रुपयाएवढा, वर उमटवलेली एक बाई. तिला नाकडोळे धड नव्हते. पहिलीचा मान राखला नाही तर ती सवतीला बाधते, म्हणून नवं लुगडं आधी तिच्यापुढे धरायचं, पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. दुसरी एखादी मनातून चरफडली असती. तू तिच्याशी गप्पा मारायचीस. थोरल्या बाई, आमटी खारट झाली, आता तुम्हीच सांभाळा, असं म्हणून टाक बोटांनी फिरवायचीस. चीनशी लढाई झाली त्या वर्षी बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले, तेव्हा तू बिलवर काढून दिलेस. मामींनी गमतीने विचारलं, हाही देतेस का? तू म्हणालीस, हा माझा नाही, मी सांभाळायला घेतलाय.

भाजीवाल्या बाईशी हुज्जत घालून घालून तू कन्नड शिकलीस. सगळ्यात लवकर उचललास तो शब्द स्वल्प. स्वल्प थांबा वन्सं. स्वल्प मीठ घाला. आम्ही बेळगावची माणसं, दोन्ही भाषांत वाढलेली, आम्हीसुद्धा मराठी बोलताना इतक्यांदा स्वल्प म्हणत नव्हतो. मी तुला चिडवायची. तुझ्या कन्नडचा पुढे किती उपयोग होणार आहे, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दीडएक वर्षापूर्वी अण्णाच्या कारखान्यातल्या लोकांची बेळ्ळंदूरच्या तळ्यावर सहल गेली होती, ती आठवते? चित्रान्नाची पातेली, पोरांचा दंगा, तळ्याचं पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ. सगळ्यांची पंगत बसली आणि तू लांब एका दगडावर जाऊन बसलीस. मला वाटलं, बाहेरची असशील. तुझं पान घेऊन मी तिकडे आले तेव्हा तू सांगितलंस. महिन्यातले पंधरा पंधरा दिवस अंगावरून जातं. हे जवळ आले की दुसऱ्या दिवशी तर हमखास. मी म्हटलं, आईला का सांगितलं नाहीस? तू म्हणालीस, सांगितलं तर पंधरा दिवस बाहेर बसवतील, मग तुमच्या घरचा स्वयंपाक काय थोरल्या बाई करणार? आणि हसलीस. मीही हसले. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

मी आईला सांगितलं. आई पाटावर बसली होती, तिने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, थोरली बाधतेय. त्या दिवसापासून टाकाला दुधाचा अभिषेक, मंगळवारी सवाष्ण, एका देवस्थानचा अंगारा. आठ महिने गेले. मी आईला कितीतरी दिवस मनातून दोष देत होते. आता कळतं की आईने तो आजार तुझ्या चालण्यावरून, कपड्यांच्या वासावरून आधीच ओळखला होता. तिने तो एकदा पाहिला होता. डॉक्टरकडे गेलं की त्याचं नाव उच्चारावं लागेल, म्हणून ती भीत होती. भूत त्यापेक्षा बरं, त्याला निदान दूध घालता येतं.

शेवटी मीच तुला सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेले. निघताना आईने मला मोरीपाशी बोलावून सांगितलं, थोरलीचं विचारलं तर विषमज्वर सांग. मी मान हलवली. मला ते उत्तर पाठ होतं. दहा-अकरा वर्षांपूर्वी तुझ्या वडिलांना स्थळाबद्दलचं पत्र गेलं, ते माझ्याच हाताने. आई सांगत होती आणि मी लिहीत होते, माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं म्हणून. मुलगा निर्व्यसनी आहे, कायम नोकरी आहे, प्रथम पत्नी विषमज्वराने वारली. एवढं लिहून मी टीपकागद दाबला होता.

डॉक्टरम्मा पन्नाशीच्या होत्या. चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्या कन्नडमध्ये विचारायच्या, मी तुला मराठीत सांगायची, तू मला सांगायचीस, मी त्यांना. पाळी, बाळंतपण, दुखणं, सगळं मी नीट इकडचं तिकडे केलं. मग त्यांनी विचारलं, नवऱ्याचं हे पहिलं लग्न का? मी म्हटलं, दुसरं. पहिली बायको कशाने गेली? हा प्रश्न मी तुझ्यापर्यंत येऊच दिला नाही. मीच उत्तर दिलं, विषमज्वराने. त्यांनी तसं लिहून घेतलं. तुझी जीभ म्हणून मी तिथे बसले होते, वहिनी, आणि तुझ्याच शेजारी बसून खोटं बोलले.

पुढच्या आठवड्यात गेलो तर टेबलावर दोन केसपेपर दोऱ्याने एकत्र शिवलेले. कारकुनाने जुने गठ्ठे काढून पाहिले होते. रमाबाई, नवऱ्याचं नाव तेच, घर मल्लेश्वरम. त्याला वाटलं, जुनीच बाई परत आलीय. डॉक्टरम्मांनी वरचा पिवळा कागद वाचला आणि चष्मा खाली घेतला. त्या तुझ्याकडे पाहून म्हणाल्या, तुम्हाला अकरा वर्षांपूर्वी हाच रोग होता, गर्भाशयाच्या तोंडाचा, आणि आशा नाही म्हणून घरी नेलं असं इथे लिहिलंय. मग तुम्ही जिवंत कशा?

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग डॉक्टरम्मांकडे. मग गळ्यातला टाक दोन बोटांत धरून पुढे केलास.

"नानल्ल," तू म्हणालीस. "इवरु."

मी नाही. ह्या. भाजीवालीकडून शिकलेलं कन्नड, पण त्यातही थोरलीला तू आदरार्थीच बोललीस.

डॉक्टरम्मांनी टाक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि हे काय म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टाक हळूच सोडला. मग म्हणाल्या, मी वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारतेय, आणि लोक ताप सांगतात, कावीळ सांगतात. मला त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विषमज्वर खोडला.

परतताना बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस. यशवंतपूरच्या अलीकडे कुठेतरी म्हणालीस, "वन्सं, आमच्या वडिलांना आलेल्या पत्रातलं अक्षर तुमचंच होतं ना? ते अजून जपून ठेवलंय त्यांनी. काय मोत्यासारखं अक्षर, म्हणायचे." एवढंच. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी कंडक्टरकडे बघत राहिले. मला तुझी माफी मागायची होती, आणि मी आपला थांबा आला का ते बघत होते. नंतर मागू, असं मनात ठरवलं. तुझं सगळं दुखणं संपलं तरी ते नंतर आलं नाही.

मला मात्र डॉक्टरम्मांच्या त्या खोडण्याने झोप येईना. एका दुपारी तुला घरी ठेवून मी एकटी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, दोघींना एकच रोग, त्याचा अर्थ काय? त्यांनी आधीच सांगितलं की हे सिद्ध झालेलं नाही, मी सांगते ते माझ्या मनातलं आहे. मग म्हणाल्या, चामखीळ माहीत आहे ना? ती एका पोराच्या हातावरून दुसऱ्याच्या हाताला लागते. ती व्हायरसने होते, देवीसारखी, पोलिओसारखी. एखाद्याची चामखीळ आपोआप झडून जाते, एखाद्याच्या अंगावर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसते, का ते कुणाला ठाऊक नाही. कोंबड्यांना, सशांना अशा व्हायरसने गाठी होतात, हे लोकांनी प्रयोग करून पाहिलंय. माणसाचं अजून कुणी ठामपणे सांगत नाही. पण हा रोग लग्न झालेल्या बायकांना होतो, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्सना मी तो पाहिलेला नाही. एका बायकोला झाला आणि पुढे दुसरीलाही झाला, अशी घरं माझ्या कागदांत आहेत. मला वाटतं, नवरा-बायकोच्या जवळ येण्यातून काहीतरी जातं. अंगात शिरतं आणि गप्प बसतं. पुरुषाला ना दुखत ना खुपत, त्याला पत्ताही नसतो. बाईच्या अंगात मात्र ते दहा वर्षांनी जागं होतं.

मी घाबरत विचारलं, म्हणजे हा वाईट रोग का? माझ्या भावाने कुठे बाहेर काही... त्यांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, भावाला पहिल्या बायकोकडून आलं की पहिलीला त्याच्याकडून, त्याच्या आधी कुणाकडून कुणाला, हे देवालाही सांगता येणार नाही. यात पाप शोधू नका. पाप शोधायला लागलं की लोक विषमज्वर सांगतात. मग एक काचपट्टी माझ्यापुढे धरून म्हणाल्या, दरवर्षी एकदा बाई इथे आली, आतलं पाणी यावर घेऊन तपासलं, तर रोग दिसायच्या आधी दिसतो. तेव्हाच काढून टाकला तर बाई जगते. तुमच्या वहिनी आठ-दहा महिने आधी आल्या असत्या तरी मी काहीतरी करू शकले असते.

आठ महिने. दुधाचे अभिषेक मोजून बघितले तर तेवढेच भरतात.

हे मी तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू माझ्या तोंडावरून ओळखलंस. उपचाराचं रेडियम आत ठेवायच्या आदल्या दिवशी नर्सने अंगावरचं सगळं काढून ठेवायला सांगितलं होतं. तू टाक सोडून माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, आता बोला. मी बोलले, सगळं. तू ऐकून घेतलंस. पहिल्यांदा तू म्हणालीस, बिचाऱ्या थोरल्या बाई, त्यांना उगाच सात महिने दूध पाजलं... नाही, सात नव्हे, आठ, असं बोटांवर मोजलंस. मग म्हणालीस, ह्यांना सांगू नका.

मी म्हटलं, सांगायलाच हवं. तू म्हणालीस, त्यांनी जाणूनबुजून काही केलं नाही, आणि कळलं तर ते स्वतःला कुरतडून खातील. मीनूला कोण बघेल? मी म्हटलं, आणि उद्या आई तिसरी आणेल तेव्हा? असं मी तुझ्या तोंडावर बोलले, तू जिवंत असताना. तू रागावली नाहीस. थोडा वेळ डोळे मिटून पडलीस आणि म्हणालीस, "मग तिला सांगा. तिच्या घरच्यांना नको, मामांना नको, तिला. पण ह्यांना नको. वचन द्या."

मी हो म्हटलं नाही, वहिनी. पाणी प्यायला दिलं. तुला हो वाटलं असेल तर तो माझा दोष. पण मी हो म्हटलेलं नाही.

त्यानंतर तू सहा महिने काढलेस. त्या सहा महिन्यांबद्दल मला लिहायचं नाही.

मामा आले त्याच दिवशी आईने भटजींना बोलावणं पाठवलं. तिसरं लग्न वाईट, म्हणून अण्णाचं आधी रुईच्या झाडाशी लावायचं, काय व्हायचं असेल ते झाडाला होऊ दे, आणि मग मुलगी चौथी धरायची. विमलचं नाव रमा ठेवायचं हे न विचारताच ठरलेलं आहे. टाकही नवा करायचा, एकाच चांदीवर दोघी. सोनाराकडे मी जायचं. मला हे ऐकून हसू आलं आणि मग इतका संताप आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. ह्या घरात धोका आहे हे सगळ्यांना मान्य आहे. झाडाला तो सांगायची सोय आहे. मुलीला नाही.

मी आधी तुझ्याच मताने जायचं ठरवलं. विमलला शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहायचं, गुपचूप. कागद घेऊन बसले. आदरणीय विमलताई, असं लिहिलं आणि स्वतःचं अक्षर बघून हात थांबला. तेच मोत्यासारखं अक्षर. ह्या अक्षरात एकदा विषमज्वर लिहून झालंय. घराच्या पाठीमागे लपून आणखी एक पत्र, आता खरं का असेना, मला लिहिता येईना. मी तो कागद फाडला आणि तुझी आज्ञा मोडायची ठरवली.

रविवारी सकाळी अण्णा अंगणात सायकल उलटी ठेवून साखळीला तेल देत होता. मीनू अक्कांकडे होती. मी त्याच्याजवळ पायरीवर बसले आणि टाक त्याच्या तेलकट हातात ठेवला. मग सांगितलं. पिवळ्या कागदापासून काचपट्टीपर्यंत.  सायकलचं चाक आपलं फिरत राहिलं होतं, ते त्याने हाताने थांबवलं.

"थोरलीलाही माझ्यामुळे?"

मी म्हटलं, कुणाकडून कुणाला हे कळत नाही असं डॉक्टरम्मा म्हणाल्या. कदाचित काहीच नसेल, त्यांचा नुसता संशय आहे. त्याने टाकावरच्या बाईवरून अंगठा फिरवला. मग जे बोलला ते मी तुला सांगायलाच हवं, कारण ते तुला माहीत नव्हतं.

"आजारी पडल्यावर ती मला जवळ बसू देत नव्हती. हात धरला तर सोडवून घ्यायची. मला वाटलं, बिजवराला दिल्याचा राग आहे, इतक्या वर्षांनी बाहेर आला. मग मीही फुगून बसलो, इंदू. शेवटचे सहा महिने मी तिच्याशी रागावलेल्या माणसासारखा वागलो."

ऐकलंस? तू त्याला जपायला गप्प राहिलीस आणि तो रुसून बसला. एका खाटेच्या दोन बाजूंना दोन शहाणी माणसं. त्याला मी आधी सांगितलं असतं तर तुझ्या शेवटच्या दिवसांत त्याने तुझा हात धरला असता. हात धरल्याने काही जात नाही, एवढं तर डॉक्टरम्मा पहिल्याच दिवशी म्हणाल्या असत्या, आपण विचारलं असतं तर. ह्या भांडणात मी बरोबर होते, वहिनी, आणि मला त्याचा काडीचाही आनंद नाही. मी अण्णाजवळ बसून खूप रडले. तोही रडला, तेलाच्याच हाताने डोळे पुसत.

मग आत जाऊन त्याने पत्र लिहायला घेतलं. मी म्हटलं, मी लिहून देते. तो म्हणाला, तुझं अक्षर सुंदर आहे, म्हणूनच नको. म्हणजे त्या जुन्या पत्राचं त्यालाही ठाऊक होतं. कारखान्यातल्या नकाशांवर काढतो तसल्या उभ्या अक्षरात त्याने विमलला, भावाला नव्हे, विमललाच लिहिलं. माझी पहिली पत्नी माहेरची गोदावरी आणि दुसरी माहेरची शालिनी, दोघी एकाच रोगाने गेल्या. तो माझ्यामार्फत गेला असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या लग्नाच्या वेळी माझ्या घराने हे लपवलं होतं. आपण नाही म्हणालात तर मी समजेन. विचार करायचा असेल तर आधी स्वतः इथल्या डॉक्टरीणबाईंना भेटावं, माझी बहीण घेऊन जाईल.

गोदावरी हे नाव ह्या घरात मी पहिल्यांदा लिहिलेलं पाहिलं. तुझंसुद्धा.

त्याने ते मला वाचून दाखवलं तेव्हा आई दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करील. ती कोनाड्यापाशी गेली, फोटो काढला, पदराने पुसला आणि मला म्हणाली, हाही पाकिटात घाल. मुलीचा फोटो मुलीकडे असू दे. मग स्वयंपाकघरात गेली. पत्र मी त्याच दिवशी पेटीत टाकलं. उत्तर अजून आलेलं नाही. रोज ऑफिसातून आल्यावर आधी दाराखाली बघते.

काल अर्धी रजा काढून हॉस्पिटलात गेले होते. ते दोन केसपेपर अजून एकत्रच शिवलेले होते. कारकून म्हणाला, असं सोडवायचा नियम नाही. डॉक्टरम्मांनी वर न बघता त्याला सांगितलं, सोडव. तो कात्रीने दोरा उसवत होता आणि मी पेन्सिल घेऊन उभी होते. पिवळ्या कागदावर मी गोदावरी लिहिलं, पांढऱ्यावर शालिनी. दहा वर्षं मी तुला तुझ्या नावाने कधी हाक मारली नव्हती.

तेवढ्यात टेबलासमोरच्या स्टुलावर एक तरुण बाई येऊन बसली. गळ्यात टाक नव्हता, कन्नडच होती, पण मागे तिच्या स्टुलाला चिकटून माझ्याच वयाची एक बाई उभी होती, तिची नणंदच असणार. डॉक्टरम्मांनी विचारलं, नवऱ्याचं पहिलं लग्न का? दुसरं. पहिली कशाने गेली? स्टुलावरची मुलगी तोंड उघडायच्या आत मागची बाई चटकन म्हणाली, ज्वराने.

तिचे डोळे डॉक्टरांकडे नव्हते. जमिनीकडे होते. मी ते डोळे ओळखते.

स्वल्प थांब, वहिनी, असं मनातल्या मनात म्हटलं, पेन्सिल खाली ठेवली आणि जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.